विमानाच्या पंखाचे कापडही पाहा

महोदय,

एअर शो पाहून आलेल्यांच्या तोंडी वायुदलाचे सूर्यकिरण कसरत पथक नाहीतर सुखोई लढाऊ विमान असते. जुन्या विमानांबद्दल मात्र 'ते उडालेच नाही' एवढीच तक्रार ऐकू येते. वायुदलाने टायगर मॉथ आणि हार्वर्ड ही प्रशिक्षणाची विमाने आणि डकोटा हे मालवाहू विमान अशी जुनी विमाने जपून ठेवली आहेत. त्यांची खरी गंमत जमिनीवर असते, म्हणून हे पत्र.

यंत्रमागाच्या आपल्या सोलापूरने तर टायगर मॉथचे पंख बघायलाच हवेत. ते पत्र्याचे नसतात. लाकडी सांगाड्यावर ताणलेल्या कापडाचे असतात. ब्रिटिश विमानांना लिनन असे. अमेरिकेत 'ग्रेड ए' सुती कापड चाले: इंचाला किमान ८० धागे, आणि इंचभर रुंदीच्या पट्टीने ८० पौंडांचा ताण सोसलाच पाहिजे. कापड फासळ्यांना दोऱ्याने शिवतात, टाक्यांवर दातेरी काठाची पट्टी चिकटवतात आणि वर डोप नावाच्या रोगणाचे हात देतात. डोप सुकताना कापड आकसते आणि ढोलकीसारखे ताठ होते. रंगाच्या आधी ॲल्युमिनियमच्या भुकटीचा थर असतो, कारण ऊन धाग्याचा जीव काढते. या पंखाला बोट टोचले की डोपला बारीक चीर जाते, तिथून पाणी शिरते आणि आतले लाकूड कुजू लागते. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

हार्वर्ड सुरू होताना नक्की पाहा. इंजिनाचे ९ सिलिंडर गोलाकार बसवलेले असतात. विमान उभे राहिले की तेल खालच्या सिलिंडरांत उतरते. म्हणून इग्निशन बंद असल्याची खात्री करून माणसे आधी प्रोपेलर हाताने फिरवतात. तो अडला तर जोर करायचा नसतो. खालचा स्पार्क प्लग काढून तेल सांडू द्यायचे. जोर केला तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनचा दांडा, वाकतो आणि पुढे उडताना दगा देतो. सुरू होताना निघणारा धुराचा लोट बहुधा त्याच उरलेल्या तेलाचा असतो, घाबरू नये. उडताना जो कर्कश आवाज येतो तो प्रोपेलरच्या टोकांचा, कारण ती ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचतात. लहान मुलांसाठी कानाचे मफ न्यावेत, नुसता कापूस पुरत नाही.

उड्डाण रद्द का होते? या विमानांना शेपटीखाली छोटे चाक असते, मूळ टायगर मॉथला तर चाकही नाही, नुसता आधार, आणि ब्रेकही नाहीत. वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. उतरताना आडव्या वाऱ्याने शेपूट थोडी वळली की ती पुढे यायला बघते, विमान जागीच गिरकी घेते आणि पंख जमिनीला घासतो. अशा वाऱ्यात न उडण्यात वैमानिकाचा शहाणपणा आहे.

उद्या होटगी रोडच्या विमानतळावर असा कार्यक्रम कोणी योजला, तर प्रशासनाने दोन गोष्टी बघाव्यात. डिसेंबर किंवा फेब्रुवारीची सकाळ धरावी. जानेवारीत गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची, गर्दी, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्या उन्हात हवा विरळ होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटर उंची तर आहेच. १३० अश्वशक्तीच्या टायगर मॉथला मग उचलायला जास्त धावपट्टी लागते. दुसरे म्हणजे उघड्यावर खरकटे पडता कामा नये. घारी जमतात, आणि त्यांची धडक विमानाला महागात पडते. बंगळूरजवळ येलहंकात एअरो इंडिया या विमान प्रदर्शनाच्या काळात परिसरातली मांसविक्री याचसाठी बंद ठेवतात.

फोटो काढणाऱ्यांनी शटर १/१२५ सेकंदाच्या आसपास ठेवावा. १/२००० ला प्रोपेलर थांबल्यासारखा दिसतो. डकोटा समोर आली तर शेपटीकडचा क्रमांक वाचा: व्हीपी ९०५. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या जवानांना घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा तो क्रमांक आहे.

— एक वाचक, सोलापूर