सलंगीच्या दगडावरची खूण : मृद व जलसंधारण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मृद व जलसंधारण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सादर नमस्कार.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला धान पिकवणारा शेतकरी. गाढवी नदीच्या खोऱ्यात, जंगलाच्या कडेला आमचे गाव आहे. चार एकर बांध्या (बांध घातलेली धानाची शेते), एक बोडी (लहान तळे) आणि गावतलावाच्या पाण्यातला वाटा, एवढ्यावर घर चालते. तुमच्या खात्याचा आणि आमचा संबंध त्या तलावामुळे येतो, म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितो आहे. सगळ्यांनी वाचावे म्हणून उघड लिहितो आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या तलावाची दुरुस्ती झाली. काम मंजूर झाले तेव्हा गावाला आनंदच झाला होता. उन्हाळ्यात पोकलेन आली, पार, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, उंच झाली, सिमेंटची नवी सलंग बांधली गेली. सलंग म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी निघून जाण्याची वाट. ही नवी सलंग जुन्यापेक्षा दोन वीत उंच होती. पाणी जास्त साठेल एवढाच विचार अंदाजपत्रक करणाऱ्याने केला असावा. पण आमच्या तलावाच्या वर दुसऱ्या गावच्या बांध्या आहेत आणि खाली तिसऱ्या गावची बोडी आहे. ऑगस्टात दोन दिवस झड लागली आणि तलाव मागे फुगला. वरच्या गावच्या नुकत्या रोवलेल्या बांध्या आठ दिवस पाण्याखाली राहिल्या आणि रोवणी सडली. शेवटी एका रात्री त्यांच्यातल्या काहींनी येऊन सलंग फोडली. तुंबलेले पाणी एकदम सुटले, खालच्या गावची बोडी फुटली, दहा-बारा जणांच्या बांध्यांत रेती भरली. मग पोलीस ठाणे, तक्रारी, सोयरिकी असलेल्या घरांत अबोला.

दिवाळीनंतर तिन्ही गावांची माणसे सलंगीवर बसली. आमचे म्हातारे पाणकर सोबत होते. गावाच्या वतीने तुडुम, म्हणजे तलावाचे पाणी सोडण्याचे दार, उघडायचे, कोणाच्या पाटाला किती वेळ पाणी जाईल ते ठरवायचे, हे काम त्यांनी आयुष्यभर केले. सुगीला घराघरांतून त्यांना धान मिळायचे. त्यांनी फुटक्या सिमेंटखालचा जुना दगड हाताने साफ केला आणि त्यावर छिन्नीने कोरलेली आडवी रेघ दाखवली. पाणी इथवरच अडवायचे, यापुढे वरच्या गावचे नुकसान आणि खालच्या गावचा तोटा, असा त्या रेघेचा अर्थ. ती कोणी कोरली ते त्यांच्या आजालाही माहीत नव्हते. तिन्ही गावांचा करार त्या दगडावर होता आणि आमच्या दुरुस्तीने तो सिमेंटखाली गाडला होता.

साहेब, माझे सगळे म्हणणे त्या रेघेत आहे. पाऊस आता पूर्वीसारखा येत नाही. हवामान बदलापुढे तग धरायचा तर पाण्याची मोजमापे गावांनी मिळून ठरवावी लागतील आणि सरकारने ती मान्य करावी लागतील. एका गावाचा तलाव सुटा धरून केलेले काम, कितीही पैसे लावले तरी, शेजारच्या गावाचे संकट होऊन बसते.

पावसाचे सांगतो. आमच्याकडे वर्षाला साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस होतो. बेरीज आजही त्याच्या आसपास जाते. बिघडली आहे ती पडण्याची तऱ्हा. पऱ्हे, म्हणजे रोपांसाठीचे बी, टाकले की तो दडी मारतो, रोवणीच्या ऐन वेळी पंधरा-पंधरा दिवस येत नाही, आणि मग महिन्याभराचा पाऊस दोन रात्रींत कोसळतो. धान कापून कडपा बांधीत पडल्या की पुन्हा हजर होतो आणि पडल्या पडल्या लोंब्यांना कोंब फुटतात. लवकर येणारा हलका धान लावावा की उशिरा येणारा भारी, हे पूर्वी घरातला म्हातारा सांगायचा. आता म्हातारा आमच्याकडे बघतो. उन्हाचे तेच. २०१९ च्या मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ च्या वर गेला होता, आणि पारीवर माती टाकण्याचे रोजगार हमीचे काम नेमके याच दिवसांत निघते.

अशा पावसाला आमच्या पूर्वजांनी शोधलेले उत्तर तलाव हेच होते. गोंड राजांच्या काळात जो तळे बांधील त्याला त्याखाली भिजणारी जमीन देण्याची रीत होती. त्या देणगीला तुकूम म्हणत. कोहळी समाजाने या कलेत हयात घालवली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून आजही सहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत, मामा तलाव म्हणून तुमच्या फायलींत त्यांची नोंद असेल. ते एकेकटे क्वचितच असतात. वरच्याची सलंग खालच्या तलावात जाते, त्याची पुढच्या बोडीत, शेवटी नाल्यात आणि नदीत. मोठा पाऊस या माळेत टप्प्याटप्प्याने मुरतो आणि दडीच्या पंधरवड्यात तेच पाणी रोवणी वाचवते. परदेशातून कोणी हवामान तज्ज्ञ येऊन याहून चांगली रचना सुचवील असे मला वाटत नाही.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची सत्ता, गेली. ती जायलाच हवी होती, त्या काळातली वेठ आमच्या घरानेही सोसली आहे. पण तलाव सरकारजमा झाले आणि गावाचा त्यांच्यावरचा हात हळूहळू सुटला. आज पाणी एका खात्याकडे, मासेमारीचा ठेका दुसऱ्याकडे, येव्याचे, म्हणजे जिथून तलावात पाणी येते ते, जंगल तिसऱ्याकडे आणि वातावरणीय बदल चौथ्याकडे आहे. पारीला उंदराने बीळ पाडले तर ते बुजवायला चार माणसे आणि अर्धा दिवस पुरतो. तेवढ्यासाठी आम्ही अर्ज करतो, अर्ज तालुक्याला जातो, तिथून जिल्ह्याला, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या जागी खिंडार पडते. खिंडाराला मग निविदा निघते. दर वर्षी, पावसाळ्याच्या आधी, तलावामागे थोडा निधी ग्रामसभेच्या हाती राहिला तर अशी कितीतरी खिंडारे पडणारच नाहीत.

गाळ काढण्याच्या योजनेबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण ती तुमच्या खात्याची मोठी योजना आहे. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार २०१७ पासून ऐकतो आहोत. गाळ निघाला पाहिजे यात वाद नाही. पण यंत्र काठापासून सरसकट खरवडते. काठाचा उथळ पट्टा ही माशांची अंडी घालण्याची जागा. तिथेच देवधान (रानटी धान) उगवते, तिथेच कमळाचे कांदे असतात. कुठे कुठे तळाची चिकण माती फुटते आणि तलाव पौषातच रिता होतो. कुठला गाळ शेताला चांगला आणि कुठली माती हलवायची नाही, हे मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बायांना चालता चालता कळते, कारण त्या रोज त्या पाण्यात कमरेएवढ्या उभ्या असतात. आमच्याच भागात या बायांनी काही तलावांतले बेशरम नावाचे तण मुळासकट उपटले, पाण्यातल्या देशी वनस्पती आणून लावल्या, आणि मरळ, दाडक यांसारखे नाहीसे होत चाललेले मासे पुन्हा मिळू लागले. काम हाताने झाले, हळू झाले, आणि टिकले. तलावाचे अंदाजपत्रक तयार होण्याआधी या बाया आणि पाणकर यांच्यासोबत अभियंत्याने एक दिवस तलाव पायी फिरावा आणि त्यांची सही त्या कागदावर असावी, एवढा नियम तुम्ही करू शकता. त्याला पैसाही लागत नाही.

आता गावाच्या शिवेपलीकडचे. गाढवी आमच्या जिल्ह्यातून गडचिरोलीत जाते आणि वैनगंगेला मिळते. तिच्यावरच्या इटियाडोह धरणाचे पाणी गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली या तिन्ही जिल्ह्यांतल्या बांध्यांना लागते. वैनगंगा स्वतः मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातून येते, पुढे वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते आणि तेलंगणाच्या सीमेवर गोदावरीत जाते. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस सिवनीकडे धुवाधार पाऊस झाला, तिथल्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटले, खालच्या गोसेखुर्द धरणाची ३३ च्या ३३ दारे उघडावी लागली. भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावे बुडाली. माझी बहीण ब्रह्मपुरी तालुक्यात नदीकाठी दिली आहे. तिच्या गावात त्या दिवशी पाऊस नव्हताच, ऊन पडले होते. पाणी उंबऱ्याला लागले तेव्हा पळापळ सुरू झाली. म्हैस सोडता आली, धानाचे पोते राहिले. वरून पाणी निघाल्यापासून तिच्या दारात यायला बराच वेळ लागला होता. तेवढा वेळ निरोपाला पुरेसा होता. २०२२ च्या जुलैत सिरोंच्यात गोदावरीने तेच केले.

निरोप पोचवायला आम्ही तयार आहोत. वरच्या गावाचा माणूस खालच्या गावाला फोन करतो, हे आम्ही आमच्या तीन तलावांपुरते आता सुरू केले आहे. कोणत्या पातळीला फोन करायचा ते त्या जुन्या रेघेवरून ठरवले. असेच वैनगंगा आणि पुढे प्राणहितेच्या काठाने, सिवनीपासून सिरोंच्यापर्यंत, ग्रामपंचायतींची साखळी होऊ शकते. पण मध्य प्रदेशातल्या सरपंचाला महाराष्ट्रातला सरपंच कसा जोडून देणार? ते काम दोन्ही राज्यांच्या मंत्र्यांचे आहे. धरणाचे दार उघडण्याचा निर्णय झाला की तो धरणावरून थेट काठच्या गावांना कळावा, अमुक गावात अमुक तासांनी पाणी येईल अशा शब्दांत. क्युसेकचा आकडा माझ्या बहिणीला काही सांगत नाही.

गावे मिळून असे काही चालवू शकतात का, अशी शंका मंत्रालयात येत असेल तर आमच्या शेजारी गडचिरोलीतला कोरची तालुका आहे. तिथल्या सुमारे ९० ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली, तेंदूपत्त्याचा व्यवहार ठेकेदाराशी स्वतः केला, हिशोब स्वतः ठेवला. त्याच्याही आधी, २००९ मध्ये, गडचिरोलीतल्याच मेंढा लेखा गावाने वनहक्क कायद्याखाली जवळपास अठराशे हेक्टर जंगल सांभाळण्याचा सामूहिक हक्क मिळवला. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. जंगलासाठी जो अधिकार कायद्याने दिला, त्याच धर्तीवर तलावांच्या माळेसाठी गावांच्या संघाला अधिकार द्या. गाढवीच्या खोऱ्यातून सुरुवात करा. आराखडा माळेचा करा, निधी माळेला द्या, आणि वरच्या व खालच्या गावच्या ग्रामसभेचा ठराव असल्याशिवाय कुठल्याही सलंगीची उंची बदलू नका.

एक लहान मागणी राहिली. अतिवृष्टी ठरते ती २४ तासांत ६५ मिलिमीटर या मापाने, आणि ते माप महसूल मंडळाच्या एका केंद्रावर घेतले जाते. गेल्या वर्षी आमची बोडी उतू गेली त्या रात्री केंद्राच्या गावात रिमझिम होती. प्रत्येक गावात शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक बसवा, मुले रोज सकाळी नोंद करतील, आणि ती नोंद पंचनाम्यात धरली जाईल असा आदेश काढा. नोंदवही आम्ही सांभाळू.

रोवणी आटोपल्यावर, बहुतेक पोळ्याच्या सुमारास, आमचा तलाव भरतो आणि सलंग वाहू लागते. सिमेंट आम्ही तिघा गावांनी मिळून जुन्या रेघेपर्यंत उतरवले आहे. हे काम आम्ही परवानगीशिवाय केले, त्याची जबाबदारी घेतो. त्या दिवसांत या. गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली या तिन्ही जिल्ह्यांचे अधिकारी सोबत आणा. पाणकरांना आता नीट चालवत नाही, पण त्यांना खाटेवरून सलंगीवर नेऊ. दगड तेच दाखवतील.

आपला,
गाढवी खोऱ्यातला एक धान उत्पादक
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया