खुंट, खांब आणि खुणा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या वरळी कोळीवाड्याचा इतिहास कुठे वाचायला मिळेल, असं तू विचारलंस. पत्र आल्यापासून तोच प्रश्न डोक्यात घोळतोय. छापलेलं जे हाती लागतं, त्यात वाड्याच्या आधी किल्ला येतो. १६७५ च्या सुमारास इंग्रजांनी तो बांधला, माहीमच्या उपसागरावर नजर ठेवायला. त्याच्याही मागे गेलास तर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं मुंबईची ही सात बेटं पोर्तुगीजांना दिली, पोर्तुगीजांनी ती राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला दिली, आणि राजानं १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला. वरळी त्या सातांतलं एक बेट. हात बदलत गेले, आणि आमची माणसं त्याच किनाऱ्यावर जाळी टाकत राहिली. त्यांच्याबद्दल मात्र एखादी ओळच सापडते.

माझ्या मते आमच्या वाड्याचा इतिहास पाण्याच्या वाटांवरून सांगायला हवा. वरळी आणि महालक्ष्मीच्या मध्ये मोठी खाडी होती. भरतीचं पाणी तिथून आत शिरायचं आणि शहराच्या पोटातली सखल जमीन बुडवायचं. ते पाणी ओलांडून आलं की पाय धुवावे लागत, त्या जागेचं नाव पायधुणी पडलं. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात बांध घालून ती खाडी बंद केली, १७८४ च्या आसपास काम पुरं झालं. बांध सारखा ढासळत होता, मग देवीनं स्वप्नात येऊन समुद्रातली मूर्ती बाहेर काढायला सांगितली, ही महालक्ष्मीची दंतकथा तुला माहीत आहेच. आजी ती सांगताना हमखास म्हणायची, "मूर्ती काढली ते जाळं आपल्याच लोकांचं असणार. दुसऱ्या कोणाला दर्याचा तळ ठाऊक होता?" पुरावा काही नाही, पण मला ते पटतं. शहराला त्या बांधानं जमीन मिळाली, हे खरंच. पण खाडी बंद झाली म्हणजे होडीची एक वाट कायमची गेली, हे कुठल्याच पुस्तकात वाचल्याचं मला आठवत नाही.

आता खुंटांबद्दल सांगतो. आमची मासेमारी मुख्यतः डोलीची. समुद्रात खुंट ठोकून त्यांना डोल, म्हणजे पिशवीसारखं जाळं, बांधायची, तिचं तोंड प्रवाहाकडे. वाहत्या पाण्याबरोबर जवळा, बोंबील आत येतात. ओहोटी-भरतीच्या मधल्या थोड्या वेळात, पाणी थबकतं तेव्हा, जाळं उचलायचं. म्हणजे कामाची वेळ ठरवतो तो दर्या. आणि कुठला खुंट कोणत्या घराचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. सात-बारा नसलेली ही आमची शेती.

भर समुद्रात तो खुंट सापडायचा कसा? किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणायच्या, मग दुसऱ्या बाजूच्या दोन. दोन्ही रेषा जुळल्या की खाली आपला खुंट. आजोबांच्या खुणांत किल्ल्याचा कोपरा होता आणि एका गिरणीची चिमणी. इंग्रजांनी किल्ला कशासाठीही बांधलेला असो, आमच्या घरात तो शेवटपर्यंत खूण म्हणूनच राहिला.

लहानपणी मी आईबरोबर बोंबील सुकत घालायला बसायचो. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. बोंबलाचे दात बारीक, वाकडे. अडकले की वाऱ्यानंही सुटत नाहीत. आईची बोटं न बघता चालायची, माझ्या बोटांतून रक्त यायचं.

सी लिंक २००९ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून समोरचं आकाशच बदललं. मग सागरी किनारा मार्ग आला. आमच्या वाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून बोटी बाहेर पडतात त्या वाटेवरच पुलाचे खांब येणार होते, दोन खांबांत ६० मीटर अंतर. कागदावर ६० मीटर ऐसपैस दिसतं. पण पावसाळ्याच्या तोंडाला, वारा आडवा लागलेला, पाण्याला ओढ, आणि जाळ्यानं भरलेली बोट खांबाकडे सरकतेय, अशा वेळी सुकाणू धरून बघ! मच्छीमारांनी २०० मीटर मागितले, काम अडवलं, बैठकांमागून बैठका झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये १२० मान्य झाले आणि मधला एक खांब वगळला. मागितलं तेवढं मिळालं नाही, तरी मी याला वाड्याच्या इतिहासातली मोठी गोष्ट मानतो. हॉर्नबीच्या वेळी आम्हाला कोणी विचारलं असेल असं वाटत नाही. या वेळी आम्ही विचारायला लावलं.

गोलफादेवीला जाऊन आलो परवा. देवळाच्या पायरीवर बसून वडिलांना म्हटलं, तुमच्या खुणा सांगा, मी लिहून घेतो. आता बोटीवर जीपीएस आहे, त्यामुळे या खुणा कोणी तोंडपाठ करत नाही. वडील डोळे मिटून सांगत होते, मधेच थांबून हातानं हवेत रेषा जुळवून बघत होते. नऊ खुणा झाल्या. त्यातल्या चार आज किनाऱ्यावर उरलेल्या नाहीत, तरी लिहिल्या.

कॉलेजात असताना आपण किल्ल्यावर चढलो होतो आणि तू परळच्या बाजूचे बरेच फोटो काढले होतेस, आठवतं? त्यात चिमण्या आल्या असतील तर शोधून पाठव. आजोबांची चिमणी नेमकी कोणती, ते वडील बघून सांगतील. त्यांची नजर अजून चांगली आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
वरळीचा मित्र