कोटेशन, काळी माती आणि आपलं परडं

ती. बाबा आणि ती. आई यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आपल्या परड्यात बाग करायला कंत्राटदारानं दिलेल्या कोटेशनचा तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून करून वाचला. रु. १,८५,०००. हिरवळ, मधोमध कारंजं, कुंपणाला ओळीनं पाम, पांढरे गोटे, आणि कोपऱ्यात बसायला छत्री. फोनवरच बोलले असते, पण फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि करायचं तेच करता. कागद हातात आला की मात्र पेन्सिल काढून आकडे तपासता. म्हणून पत्र.

पुण्यात बसून मी दिवसभर दुसऱ्यांच्या बागांचे नकाशे काढते. असली कोटेशनं आमच्या टेबलावरूनच जातात, त्यामुळे यातला पैसा कुठं जातो ते मला दिसतं. झाडांवर तो फारसा जातच नाही. हिरवळीच्या गाद्या, गोटे, पंप आणि मजुरी यांतच सगळा मुरतो. आणि मातीच्या नावानं यादीत एकच ओळ आहे, 'लाल माती, १ ट्रॉली'. बाग होणार की नाही हे ज्या ओळीवर ठरतं, ती सगळ्यात स्वस्तात उरकली आहे. मला एवढंच सांगायचंय की पैसा खर्च करायचाच असेल तर जमिनीवर करा. झाडं काय, शेजारीपाजारी मागितली की मिळतात.

आधी हिरवळीचा निकाल लावते. परडं २० बाय ३० फूट, म्हणजे ६०० चौरस फूट, म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. उन्हाळ्यात हिरवळीला चौरस मीटरमागे रोज पाच-सहा लिटर पाणी धरा. गुणाकार तुम्हीच करा, तीनशे लिटरच्या आसपास येतो. एप्रिल-मेमध्ये रोज तेवढं पाणी गवताला घालायला आई तुम्हाला देईल का? शिवाय कापणी, तण, आणि चिखलात पाय ठेवायचा नाही म्हणून पावसाळाभर लांबून बघणं. नातवंडं वर्षातनं दोनदा येणार, त्यांना लोळायला ओसरी पुरते.

दुसरं म्हणजे सांगलीत, नदीकाठच्या हरिपूर रोडवर राहून कारंज्यात पैसे घालणं मला पटत नाही. पावसाळा लागला की तुम्ही रोज सकाळी आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी बघता. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे आम्हाला पाढ्यांबरोबर पाठ झालंय. २०१९ च्या पुरात ती ५७ फुटांवर गेली. कृष्णामाई पुन्हा येणारच नाही असं कोण सांगेल? मग आपल्या परड्यात तेच असावं जे पाणी ओसरल्यावर एखाद्या फांदीवरून पुन्हा उभं करता येईल. पंप आणि गाद्यांचं तसं नसतं.

आता माती. आपली काळी माती वाईट नाही, तालेवार आहे, पण तिचा स्वभाव सांभाळावा लागतो. उन्हाळ्यात आक्रसते आणि बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात फुगते आणि पाणी धरून बसते. तिच्यावर थेट बांधलेल्या कुठल्याही भिंतीला तडा जातो तो यामुळंच. फुटभर रुंद, फुटभर खोल खड्डा काढा, पाण्यानं भरा, जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि पट्टी लावून तासाभरात किती इंच उतरतं ते लिहून ठेवा. तासाला इंचभर उतरलं तर सोनंच. अर्धा इंचसुद्धा उतरलं नाही, तर जमिनीत लावलेल्या मोगऱ्याची मुळं पावसाळ्यात कुजणार हे धरून चाला. मोकळी व्हावी म्हणून पाटीभर वाळू मिसळायचा सल्ला शेजारून येईलच, तो ऐकू नका. चिकण मातीत थोडी वाळू म्हणजे विटेचा मसाला. शेणखत आणि पालापाचोळाच तिला मोकळं करतो, सावकाश.

आणखी एक प्रयोग आहे, तो आईच्या स्वयंपाकघरातला. वाटीत चमचाभर कोरडी माती घ्यायची आणि वर व्हिनेगरचे चार थेंब टाकायचे. फसफसलं तर मातीत चुनखडी आहे. माझी खात्री आहे फसफसेल, कारण आईच्या अनंताची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बाबा, त्याला भूक नाही लागलेली, तुम्ही कितीही खत घाला. चुन्यामुळं जमिनीतलं लोह त्याला उचलता येत नाही. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मागा, पाकिटावरच्या मापानं संध्याकाळी पानांवर फवारा. आणि पावसाळ्याच्या तोंडाला अनंत मोठ्या कुंडीत हलवा, आपली माती न घालता.

तुमच्या आलेखाच्या कागदावरचा नकाशा मला फार आवडला. पण त्यात एक गोष्ट नाही, सावली. आपलं परडं घराच्या उत्तरेला. सध्या तिथं ऊन मावत नाही, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येईल तेव्हा तर भिंतीची सावली भिंतीतच राहील. पण सांगलीचा अक्षांश १७ ला थोडा कमी. डिसेंबरअखेर भर दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम ५० अंश चढतो, तोही दक्षिणेकडून. कठड्यासकट आपलं घर १४ फूट उंच, तर सावली पडते जवळजवळ १२ फूट. म्हणजे २० फुटांतला घराकडचा बारा फुटांचा पट्टा थंडीभर दुपारी अंधारात. कंत्राटदारानं नेमका तिथंच शेवंतीचा ताटवा दाखवलाय! तो एप्रिलात येऊन बघून गेला, त्याला ऊन दिसलं.

त्या पट्ट्यात हळद लावा. अक्षय्यतृतीयेला गड्डे टाकले की पावसाळाभर कंबरेएवढी पानं, आणि आठ-नऊ महिन्यांनी, म्हणजे सावली पडते त्याच सुमाराला, ती आपणहून वाळते. उन्हाची गरज संपते आणि ऊनही जातं, इतका नेमका जोडा मला पुण्यात गिऱ्हाइकाला कधी दाखवता आला नाही. हरिपूरच्या हळदीच्या पेवांच्या रस्त्यावर राहून घरात हळदीचं पान नसावं, हे तसंही बरं दिसत नाही. तिच्या अंगाला अळू, आलं, भिंतीला नागवेल, आणि मध्ये थोडी अबोली. शेवंती, मोगरा, जास्वंद, वांगी-मिरच्या पलीकडच्या आठ फुटांत, कुंपणाच्या बाजूला.

आई, आता तुझ्याशी. तुझे गुडघे वाकत नाहीत आणि तू सांगत नाहीस. म्हणून पलीकडच्या पट्ट्यात दोन उंच वाफे करायचे, आतून ८ बाय ४ फूट, दीड फूट उंच. दीड फूट म्हणजे खुर्चीची उंची, काठावर बसून खुरपता येतं. रुंदी चार फुटांच्या पुढं न्यायची नाही, दोन्हीकडून हात मधोमध पोचला पाहिजे. तू वाफ्याकडेला बसून मधल्या झाडापर्यंत हात लांब कर आणि खांद्यापासून बोटांपर्यंतचं माप मला कळव. दोन फूट भरत नसेल तर रुंदी कमी करू, गवंड्याला मी सांगते. दोन वाफ्यांच्या मध्ये तीन फूट वाट, काठी घेऊन नीट चालता येईल अशी. वाटेला शहाबादी फरशी घालायची, पण खरबरीत अंग वर. गुळगुळीत फरशीवर पहिल्या पावसात शेवाळ धरतं आणि मग दवाखाना.

भिंतीखाली नऊ इंच मुरूम चोपून घ्यायचा, त्यावर नऊ इंची वीटकाम, तळाशी पाणी निघायला भोकं. मुरमाचं काम गवंडी "कशाला ताई" म्हणून टाळतो. त्याचे पैसे काम संपल्यावरच द्या. दोन वाफ्यांची माती ९६ घनफूट, म्हणजे शंभर घनफुटांच्या ब्रासला चार कमी. एवढी विकत आणायची नाही. तळाशी सहा इंच पालापाचोळा आणि उसाचं पाचट दाबून भरा, वर दोन पाट्या आपली माती, एक पाटी शेणखत, एक पाटी कुजलेलं पाचट अशी भरती. शेणखत काळं, भुसभुशीत, वास नसलेलं बघून घ्या. कच्च्या शेणखतातनं हुमणी अळी येते आणि ती मुळांवर बसली की झाड का वाळलं ते उपटल्यावरच कळतं. पाचट फुकट आहे. साखर कारखान्यांचा हंगाम उरकलाय, शेतात अजून पडलंय, लोक काडी लावायच्या आत दोन भारे आणवा. उरलेलं झाडांच्या बुडाशी तीन बोटं जाड पसरायचं, बरंच पाणी वाचतं आणि भेगाही कमी पडतात.

झाडांची खरेदी जूनपर्यंत करूच नका. तोवर आईनं भिशीतल्या बायकांच्या अंगणात काय काय आहे ते हेरून ठेवायचं. जास्वंद, तगर, जाई, मोगरा, सगळं फांदीवरून येतं. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, खालचं टोक डोळ्याच्या जरा खाली तिरपं कापलेलं. तीन डोळे मातीत, दोन वर, आणि खालची पानं काढून टाकलेली. आषाढात लावलं तर दसऱ्यापर्यंत झाड उभं. कढीपत्त्याचं पिल्लू कुणाच्याही झाडाखाली मिळेल. पारिजातकाच्या चपट्या शेंगा सुकल्या की बी टाका. फक्त तो वाफ्यापासून लांब, कुंपणाच्या कोपऱ्यात, सडा पडायला जागा ठेवून. शेवगा मात्र लावायचा नाही. त्याची फांदी वाऱ्यानं कशी मोडते ते आपण बघितलंय, आणि वरून तारा जातात. कण्हेर नको, तिचा कण न् कण विषारी आणि पोरं तोंडात काय घालतील सांगता येत नाही.

तुझ्या मोगऱ्याचं सांगते. यंदा फुलं कमी, कारण थंडीत तू त्याला लाडानं पाणी घालत राहिलीस. डिसेंबरात त्याचं पाणी तोडायचं, पानं मलूल झाली तरी जीव घट्ट करायचा. जानेवारीत छाटायचा, उरलेली पानं ओरबाडून काढायची, बुडाशी खत देऊन मग पाणी सुरू करायचं. मार्चपासून परडी भरते. देवाला पुरून वेणीला उरतील एवढी.

पाण्यासाठी तासगावच्या मामाला विचारा. द्राक्षबागेतल्या ठिबकच्या जुन्या १६ मिमीच्या नळ्या, म्हणजे लॅटरल, त्याच्या शेडमध्ये वेटोळी होऊन पडल्यात. आपल्याला साठ-सत्तर फूट पुरेल. नवे ड्रिपर तेवढे घ्या, तासाला चार लिटरचे, आणि टाकीच्या तोंडाला फिल्टर बसवा. हिरवी नळी अंगणभर लोळवणं बंद होईल. मला पाण्यापेक्षा त्या नळीत पाय अडकण्याची धास्ती जास्त.

आता तुमचा आवडता भाग, हिशोब. या वर्षी एक पैसाही घालायचा नसेल तर फक्त हळद, पाचट आणि मागून आणलेल्या फांद्या. परडं तेवढ्यानंही भरेल, वाकावं लागेल एवढंच. थोडे पैसे असतील तर एकच वाफा आणि वाट. माझ्या मते आधी वाट, कारण झाड पुढच्या वर्षीही लावता येतं. कोटेशनच्या पाव रकमेच्या आत दोन्ही वाफे, फरशी, ठिबक आणि एक कलमी सोनचाफा बसेल असा माझा अंदाज आहे. गवंड्याचा दर तुम्ही तिथं विचारून मला कळवा, मी नीट मांडून पाठवते. छत्रीऐवजी वऱ्हांड्यातला लाकडी बाक बाहेर काढा, संध्याकाळी सावली जिथं पहिल्यांदा पोचते तिथं ठेवा. जागा तुम्हीच खडूनं आखून काढा, चार, पाच आणि सहा वाजता.

कंत्राटदाराला आगाऊ रक्कम दिली नसेल असं धरून लिहिते आहे. दिली असेल तर आजच सांगा, हिरवळ रद्द करून तेवढ्यात त्याच्याकडून मुरूम आणि फरशीचं काम करून घेता येईल, मी बोलेन त्याच्याशी. रागवायचं नाही, तो त्याचा धंदा करतोय.

आईचं माप आणि खड्ड्यातल्या पाण्याचे इंच, दोन्ही लिहून पाठवा. औषधं वेळेवर घ्या.

तुमची,
मीनू

ता. क. : सोनचाफा कलमीच घ्या. बियाण्याचा स्वस्त मिळतो, पण फुलासाठी बरीच वर्षं वाट बघायला लावतो. आणि नर्सरीत फुलं लागलेलं सगळ्यात उंच रोप बाबा उचलतील, त्यांना ते उचलू देऊ नको. पिशवीच्या बुडातून मुळं बाहेर आली नसतील असं बुटकं, भरदार रोप तू निवड.