पायरसीची तक्रार सोलापुरातून निकाली निघावी

माननीय संपादक महोदय,

ऑनलाइन पायरसीची चर्चा बहुधा मोठ्या हिंदी चित्रपटांपुरती राहते. सोलापूरसारख्या शहरात मात्र तिचा फटका स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना आणि आमच्यासारख्या छोट्या प्रकाशकांना बसतो. आमच्या एका पुस्तकाची पीडीएफ आधी एका वेबसाइटवर आणि मग टेलिग्रामवर फिरू लागली, तेव्हा पानापानाच्या कडेला स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आणि पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का स्पष्ट दिसत होता. नवी पेठेतल्या विक्रेत्याकडे त्याच पुस्तकाचे गठ्ठे पडून होते. अभ्यासिकेतल्या मुलांना मी दोष देत नाही. चॅनेल चालवून पैसे गोळा करणाऱ्यापर्यंत पोहोचले पाहिजे.

ग्राहक काय वाचतो यावर इंटरनेट पुरवठादारांनी पाळत ठेवावी, या मागणीला माझा विरोध आहे. पोस्टमनने पाकिटे फोडायची नसतात. परंतु नेमकी तक्रार हाती आल्यावरही हात झटकणे ही वेगळी गोष्ट आहे. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीपासून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चे संरक्षण मध्यस्थांना, म्हणजे इंटरनेट पुरवठादार किंवा टेलिग्रामसारख्या सेवांना, अटींवरच मिळते. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार आणि २०१३ च्या नियमांनुसार, दुवे किंवा प्रवेश पुरवण्यासाठी मजकूर तात्पुरता साठवणाऱ्याने हक्कधारकाच्या लेखी तक्रारीची खात्री पटल्यावर ३६ तासांत तो बंद करायचा असतो. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश न आल्यास त्याला तो पुन्हा खुला करता येतो.

हे २१ दिवस छोट्या माणसाला पुरत नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ साली, बंद केलेली साइट नव्या नावाने अवतरल्यास नवा दावा न लावता तीही रोखण्याची सोय केली, आणि २०२२ साली स्पर्धा परीक्षांची पुस्तके लिहिणाऱ्या एका शिक्षिकेच्या दाव्यात चॅनेलचालकांची माहिती देण्यास टेलिग्रामला भाग पाडले. दिल्लीपर्यंत जाण्याची ऐपत किती मराठी प्रकाशकांची आहे? कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे हक्कधारकाला आपण राहतो किंवा व्यवसाय करतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, ही गोष्ट आमच्यापैकी अनेकांना ठाऊकही नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०२१ च्या नियमांनी प्रत्येक मध्यस्थाला तक्रार अधिकाऱ्याचे नाव व संपर्क ठळकपणे जाहीर करणे आणि तक्रारीची पोच २४ तासांत देणे बंधनकारक केले आहे. आमच्या भागातल्या पुरवठादाराच्या बिलावर रिचार्जचा नंबर तेवढा आहे; तिथे फोन केला तर "नेट चालू आहे ना?" एवढेच विचारले गेले. दूरसंचार विभागाने केबलवाल्यांपासून मोठ्या कंपन्यांपर्यंत सर्वांची ही नावे तपासावीत, मराठीतील लेखी तक्रार स्वीकारणे सक्तीचे करावे, आणि सोलापूरच्या वकील संघाने त्या २१ दिवसांत दावा तयार करून देण्यासाठी छोट्या हक्कधारकांना परवडेल असे साह्य उपलब्ध करून द्यावे, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक प्रकाशक, सोलापूर