दाखले जुळवून देणाऱ्यांचे आभार

गुहागर-दापोलीकडच्या नोकरभरतीच्या उमेदवारांतर्फे हे आभार. सगळ्यात आधी शाळांच्या लिपिकांचे. ओबीसी दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. वाळवी लागलेल्या रजिस्टरांतून आजोबा-पणजोबांची नोंद काढणं सोपं नव्हे. त्यात जुन्या नोंदीत आडनावच नसतं, नुसतं ‘राघो धोंडू’. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडल्याशिवाय नातं जुळत नाही, हे सेतू केंद्रातल्या ताईंनी न कंटाळता समजावलं. नॉन-क्रिमिलेअरची, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याची, मुदत ३१ मार्चला संपते, उत्पन्न तीन आर्थिक वर्षांचं लागतं, हेही त्यांनीच बजावलं. आणि पावसाळी दमटपणाला घाबरून मूळ दाखले लॅमिनेट करायला निघालेल्यांना परत पाठवणारे झेरॉक्सवाले! स्वतःचा धंदा बुडवून. त्यांना दंडवत.