व्यासपीठावर उभे राहायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

पणजीतील खरेदीदारांच्या बैठकीत आमच्या काजू कारखान्याची माहिती मी कागद हातात न घेता मांडली आणि त्यांनी नमुन्यांची मागणी नोंदवली, हे आपल्याला फोनवर कळवलेच आहे. तरीही हे पत्र उघडपणे लिहीत आहे, कारण सत्तरी आणि डिचोली तालुक्यांत माझ्यासारखे छोटे उद्योग चालवणारे अनेक जण आहेत; त्यांचा माल चोख असतो, पण चार अनोळखी माणसांसमोर त्याविषयी बोलायची वेळ आली की शब्द घशातच अडकतात. आपण मला काय दिलेत, ते त्यांच्यापर्यंतही पोहोचावे.

पहिल्या भेटीत आपण माझ्या स्लाइड पाहिल्याच नाहीत. "समोर बसलेल्यांना उठताना काय ठरवायचे आहे?" एवढेच विचारलेत, आणि त्याचे उत्तर एका वाक्यात लिहून होईपर्यंत पुढे जाऊ दिले नाहीत. कारखान्याची स्थापना, यंत्रे, प्रमाणपत्रे हे सारे त्या वाक्याच्या कसोटीला लावल्यावर निम्म्याहून अधिक मजकूर आपोआप गळून पडला. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या आणि साखळी परिसरात कीर्तने ऐकत मोठ्या झालेल्या आपल्याला कीर्तनाचा दाखला सुचणे साहजिकच होते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात, म्हणजे पहिल्या भागात, तत्त्वाचे निरूपण आणि उत्तररंगात, म्हणजे दुसऱ्या भागात, आख्यान येते. खरेदीदारापुढे मात्र हा क्रम उलटा करावा, कारण कीर्तनाला श्रोता रात्रभर बसतो आणि खरेदीदाराकडे दहा मिनिटेही नसतात, हे आपले म्हणणे मला आजही पूर्णपणे पटते. म्हणून मी तत्त्वाने सुरुवात न करता मालाने केली.

त्याचीही रीत आपणच सांगितलीत. काजूगराच्या प्रतींचा तक्ता पडद्यावर दाखवण्याऐवजी मी दोन बशा टेबलावर फिरवल्या, एकीत डब्ल्यू १८० आणि दुसरीत डब्ल्यू ३२०. एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे गर बसतात ते हा आकडा सांगतो; म्हणजे आकडा लहान तितका गर मोठा. हे मी गर त्यांच्या तळहातावर असताना बोलले, आणि त्यानंतर गप्प राहिले. वाक्य संपल्यावर थांबायचे, ती शांतता 'म्हणजे', 'तर', 'ॲक्च्युअली' यांनी भरायची नाही, हा आपला आग्रह सर्वांत अवघड होता. सर्वांत उपयोगीही तोच ठरला. काजूच्या फळापासून, म्हणजे बोंडूपासून, होणाऱ्या गोव्याच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याचे पाहुण्यांना ठाऊक होते. बोंडूखालच्या बीच्या गराकडे त्यांनी त्या शांततेत प्रथमच निरखून पाहिले.

सरावाच्या वेळी पडवीत बसून आपण वेळ दाखवणारे हिरवे, पिवळे आणि लाल असे तीन पुठ्ठे वर करीत असा. कॅलिफोर्नियातील सांता आना येथे १९२४ मध्ये राल्फ स्मेडली यांनी सुरू केलेल्या टोस्टमास्टर्स या भाषणकलेच्या सरावाच्या संस्थेत पाच ते सात मिनिटांच्या भाषणाला याच रंगांचे दिवे लावतात, हे आपणच सांगितले होते. पहिले आणि शेवटचे वाक्य तोंडपाठ, मधले केवळ मुद्दे, ही शिस्त त्या पुठ्ठ्यांमुळे अंगवळणी पडली. संपूर्ण भाषण पाठ करणाऱ्याचा एक शब्द निसटला की सारी ओळ कोसळते. मुद्दे धरून बोलणारा वाट बदलूनही मुक्कामी पोहोचतो.

प्रश्नोत्तरांची तयारी बहुतेक जण करतच नाहीत, आणि व्यवहार ठरतो तो तेथेच. आपण खरेदीदार होऊन मला आडवेतिडवे प्रश्न विचारलेत, मध्येच तोडलेत, मुद्दाम भाव पाडून मागितलात. प्रश्न पूर्ण ऐकावा, तो थोडक्यात आपल्या शब्दांत परत सांगावा, मग उत्तर द्यावे, आणि आकडा हाताशी नसेल तर अंदाज न सांगता तो कधी कळवू ते सांगावे, हा क्रम आपण बसवून घेतलात. त्यामुळे गरातील ओलाव्याविषयी विचारले तेव्हा पाच टक्क्यांची मर्यादा आणि आमची तपासणीची पद्धत शांतपणे सांगता आली. वाहतुकीच्या खर्चाचा तपशील दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाठवते म्हटले आणि तो त्याआधीच पाठवला. मागणी नोंदवताना त्यांनी या वेळेवर आलेल्या तपशिलाचा आवर्जून उल्लेख केला.

बाई, आपण यासाठी एक रुपयाही घेतला नाहीत, आणि कोकणीत विचार करून हिंदीत बोलणाऱ्या माझा धीर एकदाही खचू दिला नाहीत. आपले मनापासून आभार. आमच्याकडे प्रतवारी करणाऱ्या दोघींना आता भेट द्यायला येणाऱ्या व्यापाऱ्यांशी स्वतः बोलायचे आहे. आपली सोय असेल तर येत्या रविवारी त्यांना घेऊन येते.

आपली विद्यार्थिनी,
वाळपई, सत्तरी