दहावीच्या विज्ञानातला पहिला धडा राहू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यात, राधानगरी तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये सव्वीस वर्षं विज्ञान शिकवते. २०१८ मध्ये दहावीचं नवं पुस्तक आलं, तेव्हापासून दर जूनला विज्ञानाचा भाग दोन उघडला की पहिलाच धडा समोर येतो: 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. हे पत्र त्या धड्यासाठी आहे.

राज्याचा नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्यानं येतो आहे. पहिलीपासून सुरुवात झाली, पुढे दहावीचीही पाळी येईल. नवी पुस्तकं केंद्राच्या धर्तीवर होणार असं आम्ही ऐकतो, आणि माझी काळजी तिथेच सुरू होते. केंद्राच्या दहावीच्या पुस्तकातून २०२२ मध्ये उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. करोनाच्या काळात मुलांवरचं ओझं कमी करायचं, असं कारण होतं. शाळा पूर्ववत सुरू झाल्या तरी तो भाग परत आला नाही. पुढच्या वर्षी छापलेल्या पुस्तकात धड्याचं नाव नुसतं 'आनुवंशिकता' उरलं. देशातल्या अठराशेहून जास्त शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी त्यावर लेखी हरकत घेतली. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे, असं उत्तर मिळतं. पण बारावीला जीवशास्त्र घेणारी मुलं किती? माझ्या वर्गातला एखादा आयटीआयला जातो, एखादी कॉमर्सला, कुणी शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत लागतो, कुणी वडिलांबरोबर उसात. यांच्यासाठी दहावी हाच विज्ञानाचा शेवटचा थांबा. तिथे उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा डार्विन भेटला नाही, तर या मुलांना तो जन्मात भेटायचा नाही.

माझ्या वर्गात हा धडा कसा सुरू होतो ते सांगते. मी मुलांना हात पुढे करायला लावते, तळहात वर. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला टेकवायचं आणि मनगट किंचित आत वाकवायचं. बहुतेकांच्या मनगटाच्या मधोमध एक दोरी ताठ उभी राहते. काहींच्या हातावर ती उठतच नाही. मग जो गलका होतो तो शेजारच्या वर्गापर्यंत जातो. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी घाबरून उभी राहिली, "बाई, माझ्यात न्हाईच की ओ!" तिला वाटलं, आपल्या हातात काहीतरी खोट आहे. मी सांगितलं, ही दोरी ज्या स्नायूची आहे त्याचा आपल्याला आता फारसा उपयोग उरलेला नाही. नसला तरी पकड कमी होत नाही. हाताच्या शस्त्रक्रियेत डॉक्टर हीच दोरी काढून दुसरीकडे जोडायला वापरतात. झाडावर चढणाऱ्या माकडांसारख्या आपल्या नातलगांच्या हातात तो चांगला जाडजूड असतो. ती म्हणाली, "मग मी जास्त पुढारलेली का?" फळ्याकडे वळता वळता मी थांबले. उत्क्रांतीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज त्या पोरीच्या एका प्रश्नात होता. उत्क्रांती ही शिडी नाही, तिच्यात वरची आणि खालची पायरी नसते. ती फांद्या फुटत जाणारं झाड आहे. तो तास घंटा झाल्यावरही संपला नाही.

२०१८ च्या जानेवारीत औरंगाबादला केंद्रातले एक राज्यमंत्री म्हणाले होते की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही, म्हणून डार्विन चूक. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र येऊन त्याला उत्तर दिलं. पण तेच वाक्य मला गावात पालकांकडूनही ऐकावं लागतं. एक गृहस्थ शाळेत येऊन म्हणाले, "बाई, आमच्या पोरास्नी माकडाची पोरं म्हणू नका." मी त्यांना बसवून चहा दिला आणि सांगितलं, आजचं माकड तुमचा आजा नव्हे. तुमचा चुलत भाऊ तुमच्यापासून झालेला नसतो, दोघांचा आजा एक असतो, तसं हे आहे. चिंपांझीची आणि आपली वाट साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली. भाऊबंदकीचा हिशेब आपल्या माणसांना पटकन कळतो. मी स्वतः चैत्रात जोतिबाला जाते, आणि वर्गात हा धडाही तितक्याच मनापासून शिकवते.

ऊस घ्या. आमच्याकडच्या पोराला शहाऐंशी झिरो बत्तीस म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. को ८६०३२ ही उसाची जात को ६२१९८ आणि कोसी ६७१ या दोन जातींच्या संकरातून निवडलेली. त्याआधी, १९१२ मध्ये, कोईमतूरला गोड उसाचा संकर त्याच्या रानटी गवती भाऊबंदाशी केला, तिथून आपल्या उसाला काटकपणा आला. डार्विननं १८५९ च्या ग्रंथाची सुरुवात अशाच निवडीपासून केली होती, कबुतरं पाळणारे आणि जनावरं वाढवणारे काय करतात तिथपासून. माणूस चार पिढ्यांत निवडून एवढं बदलू शकतो, तर निसर्गाला कोट्यवधी वर्षं मिळाल्यावर काय होईल? पन्हाळ्याचा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. एवढा काळ पोरांच्या डोक्यात मावत नाही, माझ्याही मावत नाही. पण सहलीत त्या दगडावर हात ठेवला की पोरं गप्प होतात.

आणि दाजीपूर तर आमच्या दाराशी. तिथल्या जंगलात जमिनीवर वावरणाऱ्या एका छोट्या पालीचं २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा वर्णन केलं आणि तिला आपल्या जिल्ह्याचं नाव दिलं, निमास्पिस कोल्हापुरेन्सिस. सह्याद्रीत या पालीची भावंडं पुष्कळ. दऱ्याखोऱ्यांनी वेगळी पाडलेली, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींपासून तुटलेली, म्हणून निरनिराळ्या जाती झालेली. जाती कशा तयार होतात हे शिकायला आमच्या पोरांनी, डार्विननं जिथले प्राणी-पक्षी पाहिले त्या गॅलापगोस बेटांवर जायची गरज नाही.

क्षयरोगाचं औषध मध्येच का सोडायचं नाही, हेही याच धड्यात आहे. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी बरं वाटल्यावर दोन महिन्यांत गोळ्या बंद केल्या. आजार उलटला, आणि या खेपेला आधीच्या गोळ्या लागू पडेनात. औषधाला दाद न देणारे थोडे जंतू मागे उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. डार्विननं सांगितलेली निसर्गाची निवड ती हीच, फक्त माणसाच्या छातीत चाललेली. म्हणूनच क्षयावर एकाच वेळी तीन-चार औषधं देतात. त्या मुलाला ही निवड कळली तेव्हा त्यानं घरी जाऊन वडिलांना समजावलं आणि नव्या उपचाराचा शेवटचा दिवस येईपर्यंत रोज स्वतःच्या हातानं गोळी दिली. करोनाचा डेल्टा आला, मग ओमायक्रॉन आला, तेव्हा विषाणू असा का बदलतो हे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी आपल्या घरच्यांना सांगितलं. दहावीतलं एवढं ज्ञान गावाच्या कामी आलं.

एक गोष्ट मात्र मला फार जवळची आहे. 'बळी तो कान पिळी' हाच डार्विनचा सिद्धांत, असं समजणारे पुष्कळ भेटतात. 'जो समर्थ तोच टिकेल' हे शब्द इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सरचे, १८६४ मधले. डार्विननं ते नंतर उचलले. त्या शब्दांचा आधार घेऊन जगात माणसांना उच्च आणि हीन ठरवलं गेलं, लाखोंचा छळ झाला. खऱ्या विज्ञानानं नेमकं उलटं दाखवलं. आपण सगळे आफ्रिकेतून निघालेल्या एकाच कुळातले, आणि कोणत्याही दोन माणसांच्या डीएनएमध्ये हजारात फार तर एखादा फरक. माझ्या वर्गातली पोरं आडनावावरून एकमेकांची जात ओळखतात. त्यांना मी हे आकडे फळ्यावर लिहून दाखवते. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तिथल्या पोराला हे कळायलाच हवं.

आमच्या बाजूची उणीवही लपवत नाही. पुष्कळ ठिकाणी हा धडा नुसता वाचून काढतात. एका प्रशिक्षणात आम्हाला 'यावर वाद नको, प्रश्नोत्तरं घ्या आणि पुढे चला' असं सांगितलं गेलं. त्या दिवशी मी गप्प बसले, याची अजून लाज वाटते.

म्हणून मागणं एवढंच. दहावीच्या नव्या पुस्तकात उत्क्रांतीचा धडा पूर्ण ठेवा, मानवाच्या उत्क्रांतीसकट. त्याला निदान आठ तास द्या आणि उदाहरणं महाराष्ट्रातली घाला. शिक्षकांना या एका धड्यासाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या, जिथे प्रश्न विचारायला मनाई नसेल. पुस्तकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी जाहीर कराल तेव्हा तो तालुक्याच्या शाळांपर्यंत पोचू द्या आणि वाचायला महिनाभर तरी द्या. आम्ही रात्री जागून वाचू आणि लेखी कळवू.

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका
राधानगरी तालुका, जि. कोल्हापूर